लोखंडातला कर

धाडच्या आठवडी बाजारात आम्हा अवजारवाल्यांची रांग बसते. डवरे, वखर, तिफणी, सायकलच्या चाकाचं कोळपं. बैलानं ओढायचा नाही तर माणसानं ढकलायचा माल. मी डोणगावहून टेम्पो भरून तिथे जातो. या रांगेचा एक कायदा आहे. गिऱ्हाईक एकाशी भाव करत असलं की शेजारच्यानं तोंड उघडायचं नाही. ‘मी कमी देतो’ तर नाहीच, पण ‘त्याचं बरोबर आहे’ असंही म्हणायचं नाही. बोलणारा एक, बाकीचे आपापल्या मालावरची धूळ झटकत बसतात. मध्ये कोणी बोललं की भाव फुटतो, आणि फुटलेला भाव संध्याकाळपर्यंत सांधता येत नाही.

वेल्डिंग मी दुसऱ्याच्या शेडमध्ये शिकलो, पडेल ते काम करून. पुढे एका दोस्तासोबत भागीत जुनं मशीन घेतलं. रांगेतही आम्ही दोघं शेजारी बसायचो. भाव करण्यात माझा हात कोणी धरत नसे, पण मला राग लवकर यायचा. कोणी माझ्या मालाला नावं ठेवली की मी डवरा उचलून परत टेम्पोत टाकायचो. तो मात्र हसत राहायचा आणि तोच डवरा त्याच माणसाला विकायचा. लोक म्हणत, एक तापवतो, एक वाकवतो, लोहाराला आणखी काय पाहिजे?

काही वर्षांनी तो वेगळा झाला आणि ट्रॅक्टरच्या अवजारांत शिरला. बँक त्याच्यामागे उभी राहिली. आज मोठ्या रस्त्याला त्याचा कारखाना आहे, तिथे रोटाव्हेटर बनतात. मी बैलाच्या मालातच राहिलो. मला त्याचा हेवा वाटत नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तो आमच्या रांगेतून उठून गेलेला माणूस होता, याचा अभिमानही होता.

जीएसटी आला तेव्हा बैलाची आणि हाताची अवजारं करमुक्त झाली. शेतकऱ्याच्या भल्यासाठी, असं सांगितलं गेलं. मी शेडसमोर पेढे वाटले. एवढंच नाही, पेंटरला बोलावून दारावर मोठ्या अक्षरांत ‘करमुक्त अवजारे’ असं लिहून घेतलं. पुढच्याच बाजारी एका म्हाताऱ्यानं मला धरलं.

“कर माफ झाला म्हंते ना बे? मंग तुहा भाव तोच काऊन?”

तो मला चोर समजून निघून गेला.

उत्तर मला जालन्याला लोखंड घेताना मिळालं. पट्टी घ्या, अँगल घ्या, पाइप घ्या, शंभराला अठरा कर. वेल्डिंगच्या काडीवर कर, रंगावर कर. ट्रॅक्टरचं अवजार बनवणाऱ्यालाही हा कर पडतो, पण त्याच्या विक्रीवर कर असल्यामुळे लोखंडावर भरलेला त्याला वळता करून मिळतो. आमच्या विक्रीवर करच नाही, म्हणून वळता करायलाही काही नाही. लोखंडातला कर डवऱ्यातच राहतो आणि बैलजोडीवाल्याच्या खिशातून जातो. फक्त तो कुठे लिहिलेला नसतो. मेहकरच्या आमच्या कर सल्लागाराला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “तुम्ही नशीबवान. तुम्हाला रिटर्नच भरायचं नाही.”

एकदा बातमी आली, मुंबईहून मोठे साहेब बुलढाण्याला येणार आणि जिल्ह्यातल्या उद्योगवाल्यांचं म्हणणं ऐकणार. रांगेतले आम्ही पाच जण माझ्या शेडमध्ये बसलो. मागणी एकच ठरली: आमच्या लोखंडावरचा कर आम्हाला परत मिळावा, नाही तर हा धंदा आमच्यापाशीच संपेल. बोलायचं कोणी, एवढाच प्रश्न होता. मी तयार होतो. पण आमच्यातले सगळ्यात वयस्कर, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ते म्हणाले, “तू बोलशील त साहेबाची कॉलर धरशील. त्यालेच बोलू दे. त्याले मोठ्या लोकाईत बोलता येते. अन् तो आपल्यातलाच हाये.”

आम्ही माझ्या जुन्या भागीदाराच्या कारखान्यावर गेलो. त्यानं चहा पाजला, माझ्या पाठीवर थाप मारली. “बोलतो ना बे. तुह्या लोखंडाचंच पयले बोलतो.”

सभागृहात आम्ही पाच जण मागच्या ओळीत बसलो. तो उठला आणि आधी जिल्ह्याचं मागासपण सांगू लागला. कारखाने पुण्या-नाशिककडे, रस्ते तिकडे, पैसा तिकडे. आमच्या पोरांनी काय फक्त तिकडे जाऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं? टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग त्यानं मागणी मांडली. मागास जिल्ह्यात कारखाना टाकणाऱ्याला भरलेल्या करातला जो हिस्सा सरकार परत देतं, त्याची मुदत वाढवावी, आणि जुना कारखाना वाढवणाऱ्यालाही तो मिळावा.

मला वाटलं, आता लोखंड येईल.

“आमच्या लहान कारागिरांना तर शासनानं आधीच करमुक्त केलं आहे,” तो म्हणाला. “त्यांच्या वतीनं मी आभार मानतो.”

तरीही मी गप्प बसलो. मी स्वतः गिऱ्हाईकाला आधी चढवतो आणि मग आवळतो. भाव चालू आहे, मध्ये तोंड घालायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. तो खाली बसला तेव्हा मला कळलं की भाव संपला.

साहेबांनी विचारलं, “लहान उद्योगांपैकी आणखी कोणाला बोलायचं आहे?”

मी आमच्या चौघांकडे पाहिलं. चौघंही मान खाली घालून मांडीवरची नसलेली धूळ झटकत होते. मी उभा राहिलो.

“साहेब, आमच्या लोखंडाचं राहिलं.”

“तुमचे प्रतिनिधी आत्ताच बोलले ना?”

“ते त्यांचं बोलले. आमचं बोललेच नाहीत. या चौघांना विचारा.”

कोणी उठलं नाही. पुढच्या ओळीत कोणी तरी हसलं. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात आपटला, तशी माणसं वळून पाहू लागली. साहेब शांतपणे म्हणाले, “वेळ कमी आहे. तुम्ही लेखी द्या.”

लेखी मी नंतर दिलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही.

बाहेर गाडीपाशी मी माझ्या दोस्ताला गाठलं.

“आभार कायचे मानले बे?”

“हळू बोल. लोक पाहून राह्यले.”

“पाहू दे. आमचा कर माग म्हटलं, त तू तुहा मागून आला.”

“माहा आला त जिल्ह्यातच येईन ना? कारखाना वाढन, पोरं कामाले लागतीन. तुह्या डवऱ्यानं कोणता जिल्हा पुढं जाते?”

“जिल्हा मागास हाये तो आमच्यासारख्याईमुळं. तूच सांगितलं भाषणात. मंग मागासपणाचा पैसा तुह्याच घरी काऊन?”

“कारण कर मी भरतो,” तो हसत म्हणाला. “तू त करमुक्त हाये.”

परतीच्या जीपमध्ये माझं तोंड सुरूच होतं. त्याला शिव्या देत होतो आणि चौघांनाही. शेवटी आमच्यातला सगळ्यात तरुण म्हणाला, “भाऊ, रागाऊ नका. आमी त्याचं काम धरलं. रोटाव्हेटरच्या पात्याईचं. लोखंड तो देते, कर-बिर त्याचा तो पाह्यते. आमाले नुसती मजुरी.”

“कधी धरलं?”

“तुमच्या शेडवर बसलो ना, त्याच्या आधीच.”

म्हणजे माझ्या शेडमध्ये बसून, माझा चहा पिऊन, ‘त्यालेच बोलू दे’ म्हणाले तेव्हाच चौघं विकले गेले होते. सभागृहातली ती धूळ झटकणं आमच्या कायद्यातलं नव्हतं.

“मजुरी काय ठरली?” मी विचारलं.

त्यानं सांगितली. फारच कमी होती. “अन् भाव नाही केला? बाजारात शेतकऱ्याले रडवता तुमी, अन् इथं त्यानं सांगितलं अन् तुमी हाव म्हटलं?”

मामा खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, “माह्या घरी चूल रोज पेटाव लागते बापा. तुही जिद्द मले नाही परवडत.”

मी जीप थांबवायला लावली आणि उतरलो. आजूबाजूला नुसती वावरं. ड्रायव्हर म्हणाला, “बसा ना भाऊ. या टायमाले यस्टी नाही इकडं.” थोडा वेळ उभा राहिलो आणि परत चढलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यावरून त्याचा फोन आला. मलाही काम देतो म्हणाला. सवयीनं मी मजुरी विचारली. त्यानं चौघांपेक्षा जास्त सांगितली. मी आणखी वाढवून मागितली. तो लगेच हो म्हणाला. आयुष्यभर ज्यानं माझ्याशी चार आण्यांसाठी तोंड वाजवलं, तो घासाघीस न करता हो म्हणतो, याचा अर्थ मला पात्यांवरून लागला नाही, मागच्या दिवशीच्या माझ्या आवाजावरून लागला. त्याला माझं काम नको होतं, पुढच्या बैठकीत मी गप्प बसलेला पाहिजे होता. मी फोन ठेवला, जालन्याला गेलो आणि कर भरून लोखंड आणलं.

त्यानंतरच्या बाजारी रांगेत मी आणि मामा दोघंच होतो. मामांपाशीही जुना उरलेला माल. एका शेतकऱ्यानं माझा डवरा उचलून पाहिला, खालची पास, म्हणजे लोखंडी पातं, तपासली आणि भाव विचारला. मी सांगितला. नेहमीसारखा तो दचकला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला फोड करून सांगितली: लोखंड एवढं, काड्या एवढ्या, माझी मेहनत एवढी, आणि हा एवढा सरकारचा.

“सरकारचा?” तो म्हणाला. “म्हंजे मी बी टॅक्स भरून राह्यलो?”

“हाव.”

“अन् मले पत्ताच नाही?”

“मलेबी नव्हता.”

त्यानं डवरा पुन्हा उलटा करून पाहिला. मला वाटलं, चला, एका माणसाला तरी कळलं. शेजारी मामा आपल्या मालावरची धूळ झटकत होते.

“बरं,” शेतकरी म्हणाला, “सरकारचा त काही कमी होत नाही. तू तुह्यातला कमी कर.”

मी चिडलो, डवरा त्याच्या हातातून ओढून घेतला. मग त्याच्या पायातल्या, तारेनं बांधलेल्या चपलेकडे लक्ष गेलं, आणि मी माझ्यातला कमी केला.