सांबाराचा वाफा

सावंगीच्या आमच्या गल्लीत थंडी पडली की घरोघरी वाफे होतात. भाजी थोडी निघते, किस्सेच जास्त निघतात. यंदाचे सगळे माझेच आहेत.

बाग बायकोची, कुसुमची. पण यंदा ती अंथरुणाला खिळलेली. औषधांनी तोंडाची चव पार गेली. दिवाळीनंतर एकदा म्हणाली, "आपल्या वाफ्यातल्या सांबाराची वडी खावीशी वाटून राह्यली." सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. ऑफिसात जन्मभर फायली लावलेला मी, वाफा लावायला बसलो.

*

धने पेरले. पंधरा दिवस झाले तरी माती ढिम्म. शेजारचे वानखेडे सर, निवृत्त शिक्षक, बघायला आले.

"धने रगडून टाकले होते ना?"

"नाही हो. एकेक निवडून, अख्खे टाकले. फुटके सगळे बाजूला काढले."

सर माझ्याकडे बघतच राहिले. "भाऊ, फुटकेच पेरतात. तुमी तेच फेकून देल्ले!"

*

पुन्हा पेरले, रगडून. या वेळी वाफा हिरवा झाला. नाजूक, कातरलेली पानं! मधे मधे लांबट पात्यांचं गवत उगवायचं, ते मी रोज उपटायचो. फोटो काढून कुसुमला दाखवायचो. ती नुसती मान हलवायची.

समोरच्या राऊतकाकूंनी एक पान चुरगाळून वास घेतला. "भाऊजी, हे तं गाजरगवत होय."

"मग सांबार कुठे आहे?"

"सांबाराची पहिली पानं लांबटच असते." काकू उपटलेल्या ढिगाकडे बघत राहिल्या.

*

कोपऱ्यात सांबाराची एक ओळ माझ्या तावडीतून वाचली होती. तिच्यावर वानरं आली. वानखेडे सरांच्या सल्ल्याने माझा ऑफिसचा शर्ट घालून बुजगावणं उभं केलं. दुसऱ्या दिवशी वानर त्याच्याच खांद्यावर बसून सांबार खात होतं.

सर म्हणाले, "ऑफिसातबी कोणी भेत नव्हतं वाटते तुमाले."

गल्ली हसली. मला हसू आलं नाही. कुसुमचं जेवण तोवर दोन चमचे पेजेवर आलं होतं. ती एवढं एकच मागत होती आणि तेवढंही माझ्याच्याने होत नव्हतं.

*

शेवटी बाजारातून दोन जुड्या आणल्या, पिशवी शर्टाखाली लपवून. राऊतकाकू फोनवर सांगत गेल्या, मी वड्या वळत आणि तळत गेलो. बशी कुसुमपुढे ठेवली. म्हणालो, "सांबार आपल्याच वाफ्यातला आहे."

तिने हळूहळू चावत एक अख्खी वडी खाल्ली. किती दिवसांनी!

"घरचा सांबार लगेच समजते," ती म्हणाली. "मीठबी बरोबर पडलं."

मी खुशीत स्वयंपाकघरात आलो आणि एक वडी तोंडात टाकली. अळणी होती. मीठ घालायचंच राहून गेलं होतं.

आतून आवाज आला, "अहो, अजून एक आणजा."