लाल पेटी नसलेलं काम

माझी मुलगी साक्षी दहा वर्षं अंबडच्या एका कारखान्यात तपासणीला होती. स्विचचे प्लास्टिकचे भाग मापायचे, आतून बोट फिरवून बघायचं. चांगला तो पुढे, चुकलेला तो लाल पेटीत. यंदा तिथे तपासणीला कॅमेरे बसले आणि तिचा विभागच बंद झाला. एकतिसाव्या वर्षी नव्याने काय शिकायचं, हा प्रश्न आमच्या घरात रोज चहाबरोबर उकळू लागला.

मी बी.ए. झालेली असले तरी धीराच्या परीक्षेत कायम नापास. तिला न विचारताच कॉलेज रोडच्या एका डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या क्लासमध्ये जागा राखून आले. ती चिडली नाही. म्हणाली, "आई, कंपनीत पहिला पीस पास झाल्याशिवाय लाइन सुरू करत नाहीत. तू माझी लाइन आधीच सुरू केलीस!"

"मग आता काय करणार?"

"प्रत्येक कामाचा एकेक दिवस काढून बघणार. प्रवेश नंतर."

"हिला नोकरीसुद्धा सॅम्पलमध्ये हवी," तिचे बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

आधी ती राखीच्या, म्हणजे डेटाचंच काम करणाऱ्या तिच्या मैत्रिणीच्या ऑफिसात दिवसभर बसून आली. "काम चांगलंय गं, पण माझे हात उपाशी राहिले." मग बी.एड. करावं का ते बघायला एका शाळेत गेली. "मुलं गोड आहेत. मीच खडूस आहे," एवढाच अहवाल. क्लासवाले सोमवारपर्यंतच थांबणार होते.

शुक्रवारी ती कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत निघाली. मला राहवेना, मीही स्कूटरवर मागे बसले.

तिथे हरसूलकडचे पुंजाराम नवा पाय घालून बघत होते. गुडघ्याखाली उरलेला पाय ज्या वाटीत बसतो, ती त्यांना बोचत होती. "कुठे लागतंय?" तिथल्या सरांनी विचारलं.

"लय नाय. चालंल," ते म्हणाले आणि दोन पावलांत घामाघूम झाले. सरांनी वाटी आतून घासून दिली. पुन्हा तेच. शेवटी पुंजारामांनी तो पाय काढून बाकावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

साक्षी कंटाळली की तिचा पायाचा अंगठा हलतो. मी बघत होते. तो हलत नव्हता.

"सर, मी हात लावू?" तिने विचारलं आणि डोळे मिटून वाटीत बोटं फिरवू लागली. कारखान्यात बाहेरच्यांना सोडत नसत. तिला काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तिची बोटं एके जागी थांबली. मग तिने पुंजारामांच्या पायावर तीच जागा हलकेच दाबली. "काका, इथे?"

"हां! तिथंच हाय ते!"

सरांनी खूण केली, घासलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. दुपार अशीच गेली. मग पुंजाराम उठले आणि दारापर्यंत चालले. थांबले नाहीत. ओटा उतरून थेट रस्त्याला लागले.

"अहो काका, कुठे निघालात?" सर ओरडले.

"हरसूलला!"

"चप्पल तरी घाला त्याला!"

सगळे हसले. साक्षी हसली नाही. ती दारात वाकून फक्त त्यांची टाच बघत होती, कशी टेकते, कशी उचलते. जन्मापासून ओळखीचा तो चेहरा मी नव्यानेच बघत होते.

परतताना सिग्नलला ती म्हणाली, "आई, इथे लाल पेटीच नाही. चुकलेला पीस समोर बसून आपल्याकडे बघतो."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. बाकी दोन्हींची वाटली नव्हती."

या कामाचं प्रशिक्षण दोन वर्षांचं आहे, मुंबईत. सोमवारी क्लासचा फोन आला. "मॅडम, जागा ठेवायची ना?" साक्षी समोरच होती, तिने मान वर केली नाही. मला म्हणायचं होतं, आठवडाभर धरा.

"सोडा," मी म्हणाले.

आता सगळे झोपलेत. प्रवेश झाला, उद्या ती मुंबईला निघते; तिची बॅग दाराशी आहे. हॉस्टेलचं जेवण, तिचं लग्न, पुढची नोकरी, माझ्या डोक्यात काळज्यांची रांग लागते. पण मध्येच रस्त्यावर टेकणारी ती टाच आठवते आणि रांग मोडते.