सुहासची सेव्ह न केलेली फाइल

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गाला अवयव पाडायला शिकवत होते. वर्गात मी फोन घेत नाही, पण तो तिसऱ्यांदा वाजला म्हणून बाहेर आले. औषधाच्या दुकानदाराचा होता. "मॅडम, सुहासभाऊ दुकानासमोर पडले. लवकर या." संग्रामपुरात आमच्या शाळेपासून ते दुकान चालत पाच मिनिटांवर आहे. मी पोचले तेव्हा माझ्या धाकट्या भावाला बाकावर निजवलं होतं आणि आईच्या गोळ्यांची पिशवी कुणीतरी त्याच्या शेजारी ठेवली होती. अडतीस वर्षांचा होता... डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

वरवट बकालच्या घरी त्याला अंगणात आणलं, तेव्हा आई आतल्या खोलीत पलंगावर होती. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला; उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. काका म्हणाले, "तिले नोका सांगू. तिले काय समजते आता? उगा तरास." मी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. एरवी मुख्याध्यापकांशीही भांडणारी मी, त्या दिवशी काकांचं मुकाट्याने ऐकलं. बाहेरचं रडणं दारातून आत जात नाही, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

सुहास पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा. आई पडली तेव्हा त्याला गावी बोलावणारी मीच. "तू तर घरून काम करतो ना? मंग पुण्यात काय आन् वरवटात काय?" असं मी फोनवर म्हणाले होते. मला शाळा होती, मुलं होती, सासूबाई होत्या. तो काहीही न बोलता आला, मधल्या खोलीत टेबल मांडलं आणि तिथंच राहिला. पुढची तीन वर्षं लोक विचारायचे, तुमचा भाऊ काय करतो, आणि मी सांगायचे, घरीच असतो. रविवारी मी पाहुणीसारखी यायचे, चहा प्यायचे, "किती वाळला बे तू" म्हणून त्याला ओरडायचे आणि पाचच्या गाडीने परत जायचे. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आई डाव्या हाताने पलंगाच्या लोखंडी दांडीवर टकटक करायची आणि तो मधल्या खोलीतून उठून नेमकं हवं ते आणायचा. एकदा मी विचारलं, "तुले हे समजते कसं?"

"लिहून ठेवलं ना. एडिटरमंदी."

एडिटर म्हणजे ज्यात तो प्रोग्रॅम लिहायचा ते. मी म्हणाले, वही काऊन नाही घेत? आणि सेव्ह तरी करतो का?

"सेव्ह कायले करू, ताई? बंदच नाही करत मी ते. मायनं हाक देली का उठा लागते, आलो का पुन्हा तठूनच सुरू." हसून म्हणाला होता. लॅपटॉपही कधी बंद करत नसे, नुसतं झाकण मिटायचा.

तो गेल्यावर मी रजा टाकून आईपाशी राहिले. आणि मला काहीच कळेना. टकटक झाली की मी पाणी न्यायचे, तिला बेडपॅन हवं असायचं. चादर घालायचे, ती पायाने ढकलून द्यायची. त्याहून वाईट म्हणजे ती तळहात दांडीवर घासायची. सारखा, दिवसभर. पाणी, पंखा, उशी, सगळं करून पाहिलं, घासणं थांबेना. तिसऱ्या आठवड्यात तिने तोंड मिटून घेतलं; घास गालात धरायची, गिळायची नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल.

तेव्हा मी लॅपटॉप उघडला. बॅटरी कधीच संपून गेली होती. चार्जर लावला, आईचं नाव घातलं, तोच पासवर्ड होता. एडिटरवर टिचकी मारली. काळी चौकट आली, वर फाइलींची नावं दिसली, आणि सगळं जिथल्या तिथे थिजलं. बाणही हलेना. पाचदा केलं, पाचही वेळा तेच. आतून तळहात घासल्याचा आवाज येत होता आणि समोर तो काळा पडदा. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

गावातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला, दोन मिनिटं पाहून म्हणाला, "सारं साफ करून नवं टाकून देतो, मॅडम. दहा मिनिटांचं काम." मी हो म्हणालेही होते. तेवढ्यात, कंपनीच्या कागदांसाठी रोज फोन करणाऱ्या इम्रानचा फोन आला. सुहासचा सोबती, मूळचा मलकापूरचा. ऐकल्याबरोबर ओरडला, "ताई, हात नोका लावू देऊ त्याले! जे सेव्ह नाही ते सारं जाईन." मग दोन तास तो सांगत होता आणि मी करत होते. आधी न साठवलेल्या मजकुराच्या प्रती कुठल्याशा कोपऱ्यातल्या फोल्डरमधून पेनड्राइव्हवर घेतल्या. मग दोष शोधायला लागलो. उघडताना एडिटर मागच्या वेळच्या सगळ्या फाइली एकदम मांडू पाहत होता, आणि त्यांत कंपनीची एक अवाढव्य नोंदफाइल होती; तिच्यापाशीच तो अडकत होता. ती तिच्या जागेवरून दुसरीकडे हलवली. "आता उघडा," इम्रान म्हणाला. मी टिचकी मारून डोळे मिटले.

उघडला. चाळीसच्या वर फाइली, त्यातल्या निम्म्या बिननावाच्या. एकीत हे होतं:

एक टक - पाणी.
दोन टक - कूस बदला.
तीन टक - बेडपॅन. उशीर नोको.
तळहात घासते - काई आणू नोका. मी कुठं हाव ते विचारते. 'अठीच आहो, माय' म्हणा. तेवढ्यानं थांबते.

मी फोन न सांगताच ठेवला. तीन आठवडे ती एकच गोष्ट विचारत होती, आणि आम्ही तिला पाणी पाजत होतो.

आत गेले. तळहात चालूच होता. त्याने लिहिलं होतं ते वाक्य जिभेवर आलं, पण ते म्हणणं जमेना. तिचा हात धरला आणि सांगितलं, "माय, सुहास गेला." ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात सोडवून घेतला आणि दांडीवर टक, टक केलं. मी तिला भिंतीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी तिने पेज गिळली. घासणंही थांबलं. मला वाटलं, रजा संपली की बाई ठेवू आणि मी शाळेत जाईन. परवा दुपारी ती झोपलीय असं पाहून मी कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले. फाटकाची कडी काढली आणि आतून आवाज आला, दांडीवर तळहात घासल्याचा. ती विसरली असेल, पुन्हा सगळं सांगावं लागेल, म्हणून धावत आत गेले. ती दाराकडेच बघत होती. मी दिसले आणि हात थांबला.

"अठीच आहो, माय," मी म्हणाले.

मग बाहेर येऊन फाटकाची कडी लावली. पलंगापासून फाटक अठरा पावलं आहे. सुहास तीन वर्षं तेवढ्यात राहिला.