त्रेचाळीस गाठींची दोरी

आमच्या मंडळाचा वर्षाचा कार्यक्रम मी एका बैठकीत लिहून काढला होता आणि त्याचं मला तेव्हा फार कौतुक होतं. जाड कागदाचा ताव, त्यावर पट्टीने आखलेले बारा रकाने, आणि प्रत्येक रकान्यात महिना, बैठकीची तिथी, त्या महिन्यात करायचं काम. जव्हार संस्थानात मी शाळामास्तर होतो. वय बावीस-तेवीस. ज्याचं अक्षर वळणदार तो माणूस शहाणा, अशी माझी समजूत होती. ती त्याच वर्षी गेली.

मंडळ लोकसेवेचं होतं. गावातल्या दहा-बारा शिकलेल्या माणसांनी काढलेलं. अध्यक्ष एक वकील होते, पन्नाशीचे, बोलायला गोड आणि कामाला बेताचे. चिटणीस मी, कारण लिहायचं काम दुसऱ्या कुणाला नको होतं. नव्याचे नऊ दिवस चालले होते, त्यामुळे उत्साह दांडगा. रंगपंचमीच्या दिवशी वकिलांच्या ओटीवर आम्ही पुढचं वर्ष ठरवायला बसलो.

त्या दिवशी चर्चा कशाकशावर झाली हे आठवलं की मला आजही स्वतःची चीड येते. बैठक एकादशीला घ्यावी की द्वादशीला, यावर अर्धा तास गेला. एकादशीला फराळ हलका, म्हणून द्वादशी ठरली. चैत्रात बाजाराच्या वाटेवर पाणपोई, पावसाळ्यात तापाच्या पुड्या वाटायच्या, श्रावणात व्याख्यानं, तीही कुणी द्यायची यावर दोघे हातघाईवर आले. या सगळ्या वेळात उंबऱ्याबाहेर एक माणूस उकिडवा बसून होता. तो सूर्यमाळच्या डोंगराच्या खालच्या अंगाच्या एका पाड्यावरून दीड दिवस चालत आला होता.

अर्ज लिहून देणारी माणसं जव्हारात आहेत, असं त्याला कुणी सांगितलं होतं. वकिलांनी त्याला आत बोलावलं तेव्हा पानसुपारी झाली होती आणि लोक उठायच्या बेतात होते.

"धोंडा पडला गेल्या पावसात," तो म्हणाला. "झऱ्याच्या तोंडावर. आता पानी खाली दरीत. बाया बसून बसून उतरतात."

पाड्यातल्या माणसांनी तो धोंडा हलवायचा प्रयत्न केला होता, पण तो लाकडी दांड्यांना दाद देत नव्हता. लोखंडी पहारी हव्या होत्या, दगड फोडणारे पाथरवट हवे होते, आणि जागा राखीव जंगलातली असल्यामुळे परवानगीचा कागद हवा होता. हे तिन्ही आम्हाला सहज जमण्यासारखं होतं.

"एवढी घाई का?" वकिलांनी विचारलं.

"पोरीचा पयला हाय. पयल्या बाळंतपनाला माह्या घरा येल ती, चैत सरता सरता. बायको नाय मना. मी दिसभर लाकूडतोडीला. पानी पोरच आनील." मग तो माझ्याकडे वळला, कारण लेखणी माझ्या हातात होती. "मास्तर, तू कदी येशील?"

वकिलांच्या कपाळाला आठी पडली. त्या डोंगरातली माणसं देवालाही तू म्हणतात आणि मामलेदारालाही. त्यात अपमान नसतो, हे मला तोवर कळलेलं होतं. मी वैशाखाच्या रकान्यावर बोट ठेवलं. अक्षय तृतीयेला पाण्याचं दान द्यायचं असतं, तेव्हा झरा मोकळा करायला तोच दिवस. सगळ्यांनी माना डोलावल्या. हे ठरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्याला तिथी सांगून उपयोग नव्हता. त्याने कमरेची अंबाडीची दोरी सोडून माझ्यापुढे धरली. लग्नाचं आवतण त्यांच्यात असंच जायचं. जितके दिवस उरले तितक्या गाठी मारायच्या, रोज सकाळी एक सोडायची, शेवटची सुटली की तो दिवस. मला ती रीत भारी गमतीची वाटली. मी बोटांवर मोजलं. फाल्गुनाचे उरलेले दहा, चैत्राचे तीस, वैशाखाचे तीन. त्रेचाळीस गाठी मी मारल्या, आणि त्याने त्या अंगठ्याने एकेक चाचपून पाहिल्या.

"तिसरा चांद?" त्याने विचारलं.

"हो, तिसरा चांद," मी म्हणालो. अवसेनंतरच्या तिसऱ्या दिवसाची कोर ती.

ती दोरी त्याने कमरेला बांधली आणि तो गेला. नवं पंचांग अजून गावात आलं नव्हतं. आमच्या मंडळात उपाध्येही होते. त्यांना एक शब्द विचारला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण मास्तराने विचारायचं नसतं, सांगायचं असतं.

पाडव्याला देवळात नवं पंचांग वाचलं गेलं. मी मागे खांबाला टेकून उभा होतो. यंदा अधिक वैशाख, असं उपाध्यांनी वाचलं आणि बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. जावयाला अनारशांचं वाण द्यायचं, तूप किती लागेल, गूळ किती लागेल. मी बोटांवर पुन्हा मोजलं. चैत्र संपला की आधी अधिक वैशाख आणि मग खरा, म्हणजे निज वैशाख. अक्षय तृतीया महिनाभर पुढे गेली होती, आणि त्या माणसाच्या कमरेला मी महिनाभर आधीचा दिवस बांधून दिला होता.

देवळातून मी सरळ वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे कार्यक्रमाचा ताव मागवला आणि वैशाखाच्या रकान्यातली ओळ वाचली. "वैशाख शुद्ध तृतीया. बरोबर आहे की. ती निजातली धरायची. कार्यक्रमात काडीचा फरक करावा लागत नाही."

"पण त्याची दोरी?"

"मग कळवा त्याला. अधिकात झऱ्याला पहार लावायची नाही हे तर तुम्हालाही मान्य असेल."

मला मान्य नव्हतं. नवी विहीर अधिकात खणू नये, एवढं मी ऐकून होतो. तुंबलेला झरा मोकळा करायला कसला अधिक आणि कसला निज? हे मी बोलायला हवं होतं. नोकरी नवी होती, शब्द वकिलांनी टाकल्यामुळेच लागली होती, आणि मी ताव गुंडाळून ठेवला. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण मी वर्गात किती वेळा समजावून दिली असेल. डोंगरात त्या वर्षी तो खरोखरच आला होता, आणि मी तो पंचांगात बघत उभा होतो.

स्वतः जाऊन सांगायचं तर जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. शाळेची परीक्षा जवळ आली होती. पण परीक्षा हे निमित्त. खरं सांगायचं तर मला त्या उन्हात डोंगर चढायचा कंटाळा आला. म्हणून मी पत्र लिहिलं. ज्या माणसाने अक्षर येत नाही म्हणून माझ्यापुढे दोरी धरली होती, त्याला मी सुबक अक्षरात पत्र लिहिलं. एका व्यापाऱ्याचा गुमास्ता मोखाड्याच्या बाजाराला जायचा, त्याच्या हाती ते दिलं. आठ दिवसांनी त्याने सांगितलं की पाड्याचा माणूस बाजारात भेटला, पत्र पोचलं. मी निर्धास्त झालो आणि परीक्षेच्या मागे लागलो.

निज वैशाखातल्या द्वितीयेला आम्ही बैलगाडीने मोखाड्याला पोचलो. तृतीयेला पहाटे डोंगर चढायला लागलो. मी, वकील, उपाध्ये, आणखी तिघे आणि दोन पाथरवट. पहारी होत्या, नारळ होता, परवानगीचा कागद होता. दोन गड्यांच्या खांद्यावर आमचं पिण्याचं पाणी होतं. कार्यक्रमात तसं मीच लिहून ठेवलं होतं, कारण त्या पाड्यावरचं पाणी आमच्यातल्या बऱ्याच जणांना चालणार नव्हतं.

पाड्यावर पाच-सहा झोपड्या. तो दारातच बसला होता. आम्हाला पाहून उठला नाही, धावला नाही.

"आलास, मास्तर," एवढंच म्हणाला.

"पत्र मिळालं ना?" मी विचारलं.

तो आत गेला आणि छपराच्या पेंढ्यातून पळसाच्या पानात गुंडाळलेला कागद काढून घेऊन आला. माझंच पत्र. घडी मी घातली होती तशीच.

"शेटचा मानूस म्हनला, मास्तरचा कागद हाय. मी समजलो, तू नक्की येतूस म्हनून लिवून दिला. जपून ठेवला."

त्या कागदात मी लिहिलं होतं की आम्ही महिनाभर उशिरा येऊ, तोवर मुलीला दरीत उतरू देऊ नये.

मग त्याने कमरेची दोरी सोडली. तिला गाठी होत्या. मला आधी वाटलं, याने सोडल्याच नाहीत.

"सगळ्या सोडल्या," तो म्हणाला. "शेवटची सोडली त्या सांजेला तिसरा चांद दिसला. तू म्हनला होतास तसाच. आमी कुनी कामावर नाय गेलो. तुमच्यासाठी नागलीच्या भाकरी केल्या. तू नाय आला. मना वाटला, वाटंत अडकला असंल, उद्या येल. दुसऱ्या दिशी एक गाठ मारली. रोज मारत ऱ्हायलो. किती दिस झाले ता तुला दाखवाया."

मी दोरी हातात घेतली. एकोणतीस गाठी होत्या. मधली एक जाड होती, दोनदा मारलेली.

"ही?"

"त्या दिशी पोर घसरली. हंडा डोक्यावर होता." तो दरीकडे बघत होता. "पोर वाचली. पोटातला नाय वाचला."

वकील तोवर जवळ आले होते. त्यांनी खाली मान घातली आणि उपाध्यांना हळूच म्हणाले, "नारळ फोडून घ्या, ऊन वाढतंय." त्या माणसाने आमच्यावर आवाज चढवला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तो पाथरवटांना झऱ्याची वाट दाखवायला पुढे झाला.

जाड गाठ एकोणिसावी होती. त्या दिवशी मी कुठे होतो हे मी नंतर आठवून काढलं. वकिलांच्या घरी जावयाच्या वाणाचं जेवण होतं आणि मी आग्रहाला बळी पडून अनारसे जास्त खाल्ले होते.

धोंडा फुटायला किती वेळ लागावा? सूर्य डोक्यावर यायच्या आत तो फुटला. पाथरवटांनी चार जागी छिद्रं पाडली, पाचरी ठोकल्या, पहारी घालून तुकडे बाजूला लोटले, आणि खालून गढूळ पाणी बुडबुडत वर आलं. दुपारपर्यंत ते नितळ झालं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. अहवालात मी पुढे लिहिलं, "सूर्यमाळकडील झऱ्याचे काम ठरलेल्या तिथीस पार पडले." वकिलांनी ते वाक्य वाचलं आणि कागद मला परत दिला. ते वाक्य खरं होतं, म्हणून तर ते मला खोडताही आलं नाही. दोरीचा उल्लेख कुठेच आला नाही. कार्यक्रमात दोरीला रकाना नव्हता.

आम्ही झाडाखाली बसलो तेव्हा ती मुलगी झोपडीतून बाहेर आली. सतरा-अठरा वर्षांची असेल. एक हात फडक्याने गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हातात मोकळ्या झालेल्या झऱ्याच्या पाण्याचा तांब्या होता. पाहुणा आला की त्याला आधी पाणी द्यायचं, ही रीत ती पाळत होती. तिने तांब्या वकिलांपुढे धरला.

"राहू दे, बाई. आमचं आहे बरोबर," वकील म्हणाले.

ती माझ्यापुढे आली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आमचं आहे बरोबर." तेच शब्द, त्याच सुरात. तिने थोडा वेळ तांब्या तसाच धरला आणि मग पाथरवटांकडे गेली. ते घटाघटा प्यायले.

उतरायची वेळ झाली तेव्हा वकिलांचं मन खरोखरच हललेलं होतं, हे मी नाकारत नाही. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दिवाळीनंतर येतो. दरीला पायऱ्या बांधून देतो. मास्तर, पंचांग नीट पाहून याला दिवस सांगा."

मी खाली बसलो, दोरी त्याच्याकडून मागून घेतली आणि एकोणतीस गाठी सोडायला लागलो. साध्या गाठी सुटत होत्या. जाड गाठीशी बोटं थांबली. नखं घालून पाहिलं, ती सुटेना.

त्याने दोरी माझ्या हातातून काढून घेतली, जोराने नाही, आणि कमरेला बांधली.

"ऱ्हाऊ दे, मास्तर," तो म्हणाला. "तू येशील तवा ये. मी आता मोजनार नाय."