मनक्याचा डाक्टर

आमची सासू बायडाबाई काय चीज हुती ते पयलं ऐका, मग बाकीचं सांगते. राहुरीच्या जवळ आमचं गाव. गावात तिच्या तोंडाला कुनी लागत न्हवतं. सकाळी चूल पेटायच्या आदी तिचं तोंड पेटायचं. भाकर जरा जाड झाली की, "ही भाकर हाय का जात्याची तळी?" मी रंगुबाई, तिची थोरली सून. मीबी काय मुक्यानं ऐकनारी न्हवते. आमचं दोघींचं जुंपलं की शेजारची गोजरबाई हातातलं काम टाकून दारात येऊन बसायची. फुकाटचा तमाशा कोन सोडतंय?

पन माझ्या धाकट्या जावंसाठी, चांगुनासाठी, हीच बाई अशी काय मऊ झाली की मला त्याचं लई कोडं पडलं. मला मेलीला समदं ठावं पायजे. कुनाची म्हस का आटली, कुनाची पोर सासरी का नांदंना, इचारल्याबिगर घास उतरत न्हाई. आन् माझ्याच घरातलं कोडं मला सुटंना.

बहात्तरचा दुष्काळ हुता. दिवाळीत चांगुना बाळंत झाली. पयलंच बाळंतपन, मुलगा झाला. गूळ वाटला. आन् पाचवी पुजल्यावर बाई जी भित्तीकडं तोंड करून बसली ती बसलीच. बोलंना, जेवंना, झोपंना. पोरगं रडून काळंनिळं व्हायचं, हिच्या चोळीला पाझर फुटायचा, पन ही हात लावायची न्हाई. माझी धाकटी अंगावर पीत हुती, म्हनून त्यालाबी मीच पाजायचे. सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायाचं, दुपारी पळत येऊन पोरगं पाजायचं, पुन्यांदा खडी. राग तर असा यायचा! म्हनलं, आमी काय पोरं काढली न्हाईत का? आमी कुटं बसलो भित्तीकडं बघत?

गाव म्हनलं, झपाटलीय. देवरुशी आला. लिंबू उतरवलं, अंगारा लावला, तीन येळंला कोंबडं घेतलं. कशानंच गुन येईना तवा तो म्हनला, "आता डाग द्यावा लागंल." आन् चुलीत चिमटा घातला. बायडाबाई तवर गप बसली हुती. चिमटा लाल झालेला बघितला आन् तिनं तो पदरानं धरून उचलला, "ये मुडद्या, आदी तुजं ढुंगान दाव," म्हनत त्याच्या मागं लागली. देवरुशी धोतराचा सोगा धरून पार पांदीपतूर पळाला. समदी हसली. मला मातूर नवल वाटलं. बैल लंगडला तरी देवरुशाकडं जानारी बाई ती! तिला आज काय झालं?

मग कारभारी मामंजी आले. म्हंजे माझे चुलत सासरे, भावकीतले वडीलधारे. ते वसरीत बसले, पान खाल्लं आन् निकाल दिला. "गुडीपाडव्याला गाडी जुपायची. चांगुनाला म्हायेरी नेऊन घालायची. पोरगं हितंच ऱ्हाईल. बन्सीला दुसरी बगू. कोपरगावच्या अंगाला एक जागा माज्या बगन्यात हाय." बन्सी म्हंजे चांगुनाचा नवरा. त्यो नुसता मुंडी हालवीत हुता, नंदीबैलाचा भाऊ!

चांगुना भित्तीकडं बघत हुती. तिला ऐकू गेलं का न्हाई कोन जाने.

आमच्यात थोरल्या दिरासंगं तोंडावर बोलायची रीत न्हाई. बायडाबाईनं पदर पुढं वढला आन् घराच्या मेढीला, म्हंजे त्या लाकडाच्या खांबाला, सांगितलं, "मेढीबाई, सांग त्यांला. सून ज्याच्या घरातली हाय त्याला तिचं दुखनं बगू द्या. पाडव्याला अजून टाईम हाय." कारभारी मामंजीबी मेढीलाच म्हनले, "पाडवा म्हंजे पाडवा. त्याच्या फुडं मी ऐकायचो न्हाई." मेढ बिचारी दोगांचं ऐकून घेत उभी.

दुसऱ्या दिशी आमी तिघी आन् काखंला पोरगं, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डाक्टर कवळा पोरगा हुता, पुन्याकडला. त्यानं चांगुनाची नाडी बघितली, डोळं वढून बघितलं, चार गोष्टी इचारल्या. ही कशाला बोलतीय? मग तो म्हनला, "यांना शरीराचा आजार नाही. हे मनाचं आहे. मनाच्या डॉक्टरला दाखवा." म्हनलं, "त्यो कुटं असतो?" तर मागनं लायनीतल्या बायांनी अशी ढकलाढकली केली की आमी तिघी भाईरच आलो.

आता मनाचा डाक्टर हुडकायचा कुटं? बायडाबाई यष्टी स्टँडावर गेली आन् खाकी कपड्यातल्या सायबाला म्हनली, "दादा, मनाचा डाक्टर कुटं हाय वो?" तो म्हनला, "मनक्याचा? मग केडगावला जा. नगरच्या फुडं, पुन्याच्या रोडला. आसाराम हाडवैद्य. लई हातगुन हाय त्याला."

आता ह्यात त्याची काय चूक? शाळंतला मास्तर छडी घिऊन मागं लागला तरी त्यो बाणातला ण आमच्या जिभंवर बसत न्हाई. पाठीचा मनका बी मनकाच, आन् काळजातलं मन बी मनच. आमालाबी वाटलं, खरंच की, बाळंतपनात मनका सरकला आसंल, म्हनूनच ही अशी वाकून बसती. डाक्टरला शुद्ध बोलन्याच्या नादात निम्मा शब्द गिळायची सवं आसंल. बसलो नगरच्या यष्टीत.

आसाराम वैद्याच्या अंगनात घोंगडी हातरलेली. कुनाचा हात गळ्यात, कुनाचा पाय फळीला बांदलेला. आमचा नंबर आला. बायडाबाईनं चांगुनाला पालथी निजवली. वैद्य चांगला म्हातारा, हाताला तिळाच्या तेलाचा वास. अंगठ्यानं एकेक मनका चाचपत वर गेला, खाली आला. पुन्यांदा वर गेला.

त्याची एक पद्दत हुती. मान्साला बोलन्यात गुतवायचं, अंग ढिलं पडलं की झटका द्यायचा. आमच्या आदी एका पैलवानाला त्यानं "म्हस किती दूद देती?" आसं इचारता इचारता कडाक्कन केलं, पैलवान आई आई करीत उठला आन् नीट चालाया लागला. तसंच त्यानं चांगुनाला इचारलं, "कुठलं गाव, बाय? पानी हाय का हिरीला?" ही गप. "पोरगं कुनाचं, तुजं? ग्वाड हाय. नाव काय ठिवलं?"

आन् चांगुना बोलली. दिवाळीपासनं पयल्यांदा. घोंगडीत तोंड खुपसून म्हनली, "मला न्हाई ठावं."

बया! बारसं झालं हुतं वो, पाळन्यापाशी हीच बसली हुती. आमी कानात कुर्र केलं, घुगऱ्या वाटल्या. आन् हिला पोराचं नाव ठावं न्हाई!

वैद्यानं झटका दिला न्हाई. हात काढून घेतला, फडक्याला पुसला. "हिचा मनका ठनठनीत हाय. तुमाला कुनी धाडलं?" बायडाबाईनं समदं सांगितलं, डाक्टर काय म्हनला ते शब्दाला शब्द. आसाराम वैद्य हासाया लागला, त्याची फळीला बांदलेली गिऱ्हाइकंबी हासाया लागली. "आवं आक्का, त्यो मन म्हनला, मन! ह्ये, ह्ये!" आन् छातीवर थापट्या मारल्या.

मला असा संताप आला! रोग रेड्याला आन् औषद पखालीला! एवढी तंगडतोड, खाडा पडला, पोरगं उन्हानं लाल झालेलं. मी तितंच तोंड सोडलं, "डाक्टरला नीट बोलाया काय व्हतं? यष्टीवाल्याचे कान काय भाड्यानं दिल्यात का?" बायडाबाई मला म्हनली, "गप ए भवाने. ती बोलली न्हवं? हितं आलो म्हनून बोलली." मग वैद्याला म्हनली, "मनाचा हाय का कुनी?"

"हाय की. माज्याकडं पाठ घिऊन येत्यात त्यातल्या कैकांचं दुखनं पाठीत नसतंच. त्यांला मी नगरला धाडतो. ठेसनाकडल्या रस्त्याला धर्मादाय दवाखाना हाय, तितं पुन्याहून एक डाक्टरीनबाई येत्यात, बुधवारी. सुई मारीत न्हाईत. बोलत्यात."

"नुसतं बोलत्यात?" मी म्हनलं. "मग बोलाया आमी मेलोय का घरात?"

बुधवारी गेलो. डाक्टरीनबाई उंच, चष्मा लावलेली, सुती पातळ नेसलेली. टेबलावर नळी न्हाई, सुई न्हाई. मी मनात म्हनलं, फसलो. त्यांनी आमाला भाईर बसवलं आन् चांगुनाला आत घेतलं. मी गेलेच दाराशी, कान लावला. आदी कायबी न्हाई. मग बाईंचा आवाज, बारीक. मग रडनं. रडनं म्हंजे कसं, मोट फुटावी तसं. मी सासूला म्हनलं, "आत्याबाई, रडाया तर घरीबी येतंय की, त्याला यष्टीचं तिकीट कशाला?" तिनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की सांजच्यापतूर हुळहुळत हुता.

मग डाक्टरीनबाईंनी आमाला आत बोलावलं. म्हनल्या, "बाळंतपणानंतर काही बायकांना असं होतं. हा आजार आहे. हट्ट नाही, भूत नाही. बरा होतो. गोळ्या देते, आणि हिला दर बुधवारी घेऊन या. घरी हिला कोणी टाकून बोलायचं नाही." हे शेवटचं त्या माझ्याकडं बघून म्हनल्या. त्यांला कसं कळलं वो? आता मला त्या बाईंचं लईच नवल वाटाया लागलं.

वाटंत मी चांगुनाला इचारलं, "काय गं इचारलं त्यांनी?" ती म्हनली, "भ्या कशाचं वाटतं, म्हनल्या." "मग?" "मी म्हनलं, ह्ये पोर माज्या हातनं पडंल, मरंल. म्हनून मी हात लावीत न्हाई." मला वाटायचं, मायाच न्हाई हिला. आन् ही मायेनंच लांब बसली हुती. मला लई वाईट वाटलं बगा.

तवापासनं बुधवार चुकला न्हाई. बायडाबाई तिला घिऊन जायाची, मी खडीवर. गाव म्हनायचं, सासू सुनंला नगर दावायला नेती. कारभारी मामंजी मेढीला सांगून जायाचे, "पाडवा जवळ आला." चांगुना भाकर खाया लागली. मग येनी घालाया लागली. पन पोराला हात लावंना. फाल्गुन सरत आला, बायडाबाईचं तोंड वाळून सुपारीवानी झालं. रातच्याला तीबी झोपायची न्हाई.

पाडव्याच्या आदल्या दिशी मी पोराला अंगनात न्हाऊ घालत हुते. खडीवर जायाची घाई, दिला तांब्या डोक्यावर वतून. तर मागनं आवाज, "आवं जाऊबाई, काय माती धुताय का काय? डोळ्यात पानी चाललंय की त्याच्या! सरा तिकडं, आना हिकडं!" आन् चांगुनानं माझ्या पायावरनं पोरगं वढून घेतलं. मी म्हनलं, "येवढे दिस मी न्हाऊ घातलं तवा न्हाई गेलं पानी?" ती म्हनली, "गेलं आसंल, तुमचं ध्यान कुटं असतं?" मी काय सोडते? माझं तोंड सुटलं, तिचंबी सुटलं. गोजरबाई काम टाकून दारात येऊन बसली. भांडता भांडता माझ्या डोळ्यातनं पानी वाहत हुतं. जावंनं टाकून बोललेलं आवडनारी जगात मी एकटीच आसंन.

बायडाबाई चुलीपसनं उठली न्हाई. फुंकनी तोंडाला लावून बसली आन् राखंत फुकत ऱ्हायली.

पाडव्याला मामंजी गाडी जुपूनच आले. चांगुना पोराला मांडीवर घिऊन वाटीनं दूद पाजत हुती. मामंजींनी बघितलं, पागुटं नीट केलं आन् म्हनले, "बैल तानल्यात, पानी दाखवा." तेवढ्यावरच म्हातारा परत गेला.

पुढच्या बुधवारी मीबी गेले. डाक्टरीनबाईंनी चांगुनाशी बोलून घेतलं, पोराचा गालगुच्चा घेतला. मग माझ्या मनातलंच त्यांनी इचारलं. "आजी, सगळं गाव भूत म्हणत होतं. तुम्हाला कसं कळलं, हा आजार आहे म्हणून?"

बायडाबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली. मी म्हनलं, आता हिचीबी वाचा गेली का काय! मग खाली बघूनच म्हनली, "डाक्टरीनबाई, तुमच्यात जुनं दुखनं चालतं का?"

"किती जुनं?"

"सहादेवाच्या आदीची एक हुती मला. लेक."

सहादेव माझा नवरा, घरातला थोरला. ह्या घरात एवढी वर्सं नांदले, पन त्याच्या आदी कुनी हुतं हे मला कदीच कुनी सांगितलं न्हवतं.

"मीबी अशीच भित्तीकडं बघत बसले हुते," ती म्हनली. "माज्या सासूनं मला म्हायेरी नेऊन घातली. लेक हितंच ठिवली, कुनाच्या तरी अंगावर पाजू म्हनली. मी नीट होऊन आले तवा पाळना माळ्यावर टाकलेला हुता."

डाक्टरीनबाईंनी हातातला पेन खाली ठिवला. "बसा आजी," म्हनल्या. "नीट बसा."

बायडाबाईनं माझ्याकडं बघितलं. "रंगू, तू भाईर जा." मी चांगुनाचा हात धरला आन् भाईर आले. दार लागलं.

भाईर बाकड्यावर पाच-सा बाया हुत्या. लई येळ झाला, दार उघडंना. एक नगरची बाई चुळबुळ कराया लागली. म्हनली, "कोण गेलंय आत? आमचा नंबर कधीचा आलाय. ही म्हातारी तर आत्ता आली."

"थांबा की वाईच," मी म्हनलं. "तुमा समद्यांच्या आदीपसनं ती नंबरला हाय."