न ऐकलेलं भाषण

"थांबा. आधी खोली बोलू दे, मग पाव्हणं."

उजवा हात वर करून हवालदार असं म्हणाले, की आमच्या कला महाविद्यालयाचा अख्खा हॉल चिडीचूप व्हायचा. पाहुणा मुंबईचा असो की बडोद्याचा, अर्धा मिनिट त्यानं तोंड मिटून बसायचं. तेवढ्यात हवालदार नुसत्या हॉलचा आवाज रेकॉर्ड करून घ्यायचे. हे त्यांना कुणी शिकवलं होतं देव जाणे, पण नियम म्हणजे नियम.

सांगलीत आमच्याकडे दर महिन्याला एका शनिवारी दुपारी समकालीन कलेवर भाषण आणि मग चर्चा व्हायची. मी कलेचा इतिहास शिकवतो, म्हणून पाहुणे गाठायचं काम माझं. ते सगळं रेकॉर्ड करून जपायचं काम हवालदारांचं. पाटणकडचा माणूस, तोफखान्यातून निवृत्त झालेला, पण मिशा अजून ड्यूटीवर. खरं नाव मस्टरवर होतं, ते कुणी वापरत नसे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. रजेवर गेली की मगच कळतं, कुठली किल्ली कुठल्या कपाटाची.

एकदा पुण्याहून एक चित्रकार बाई आल्या. माईकसमोर उभ्या राहिल्या आणि बोलेचनात. दहा मिनिटं गप्प राहणं हीच त्यांची कलाकृती होती. पोरं माना तिरक्या करून गंभीर झालेली. हवालदारांची नजर मात्र रेकॉर्डरवर. तिथली हिरवी पट्टी हलत नव्हती. तिसऱ्या मिनिटाला ते उठले, माईकवर टिचकी मारली आणि म्हणाले, "बाई, तुमचा आवाज येत न्हाई. सेल बदलतो." आणि बदलला की! हॉल हसून लोळला, बाईसुद्धा हसल्या. तो किस्सा आम्ही वर्षभर चहाबरोबर चघळला. पण समोरची बाई बोलतच नाही, हे या माणसाला कळलं कसं नाही, असा प्रश्न आम्हा शहाण्यांपैकी एकालाही पडला नाही.

आटपाडीकडे एक म्हातारे चित्रकार होते. घर मेंढपाळांचं, नोकरी हायस्कुलात चित्रकला शिकवण्याची. चित्रं अशी, की समोरून हलू नये. पण स्वतःच्या चित्रांबद्दल गुरुजी चकार शब्द काढायचे नाहीत. मी पत्रं लिहून लिहून थकलो. हवालदार दोनदा एसटीनं गेले आणि गुरुजी तयार!

"काय बोललात हो त्यांच्याशी?"

"काय न्हाई. बसलो कट्ट्यावर, त्येंच्या शेजारी."

एप्रिलातला शनिवार होता. हॉलमध्ये दोन कूलर लावलेले. गुरुजी खुर्चीत बसून सव्वा तास बोलले, अगदी खालच्या आवाजात. महिनाभरात ते गेले. मग त्यांच्या मुलीचा फोन आला. "सर, दादा घरात चित्राबद्दल कधी अवाक्षर बोलले न्हाईत. तुमच्याकडं बोलले म्हणं. तेवढं पाठवा. आई वाट बघतीया."

मी रेकॉर्डिंग लावलं. कूलर. पुढे सरकवलं, कूलर. सव्वा तास नुसती घरघर आणि मधेच म्हाताऱ्याचा खोकला.

"पट्टी हालत हुती, सर," हवालदार म्हणाले. "शेवटपातूर नाचत हुती पट्टी."

"पट्टी गेली चुलीत! हेडफोन लावून ऐकलं का नाही?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "डावा कान तोफंनं खाल्ला. उजवा बी दोन वर्सं झाली, गेला. सांगितलं असतं तर घरी बसीवलं असतं. घरात कोन हाय माज्या?"

मी त्यावर म्हणालो, "म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा मारलंत तुम्ही." हे त्यांनी ओठांवरून वाचलं. ती जीभ आजही हासडून टाकावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी एक शंभर पानी वही आणली आणि त्या शनिवारचा हजेरीचा कागद काढला. रजा टाकून एकेकाचं घर गाठायला लागले. एक मुलगी सुट्टीत तासगावला, घरच्या बेदाण्याच्या शेडवर. एक मुलगा थेट कोयनानगरला. वही पुढे करायची आणि म्हणायचं, "गुरुजी काय म्हणलं, ते लिवा. आठवंल तेवढंच. मनाचं घालू नगा."

मी ती वही पाहिली. एकानं लिहिलं होतं, मेंढरू काढणं सोपं, त्याच्या पायाची धूळ अवघड. दुसरा म्हणे, धूळ सोपी, मेंढरूच अवघड. एका पानावर नुसतं, 'माफ करा काका, मी मोबाईलवर होतो.' ते पानही हवालदारांनी फाडलं नव्हतं. माणूस मात्र वाळत चालला होता. चेहऱ्यावर दाढीचे खुंट, डोळे खोल गेलेले.

आणि रोज सकाळी माझ्या दारात. "सर, तुमचं?"

"उद्या देतो."

"तुमी फुडं बसला हुता, सर. तुमचंच खरं धरायचं."

आता तुमच्यापासून काय लपवू? पहिल्या रांगेत बसून तो सव्वा तास मी पाहुण्यांच्या परतीच्या गाडीचे मेसेज करत होतो. एक शब्द ऐकला असेल तर शपथ. रोज वाटायचं, सांगून टाकावं. रोज तो चेहरा बघून धीर व्हायचा नाही. शेवटी एका सकाळी मी वही ओढली आणि गुरुजींच्या नावानं दोन पानं लिहिली. माळ, मेंढरं, रंग, एकटेपणा. असली वाक्यं मी वर्गात वीस वर्षं पाडतोय, मला काय अवघड!

हवालदारांनी ओळीखाली बोट धरून दोन्ही पानं वाचली. डोळ्यांना धार लागली. आणि माझ्याहून दहा वर्षांनी मोठा तो माणूस वाकला आणि त्यानं माझे पाय धरले.

"वाचलो, सर. आता जातो आटपाडीला. त्या माउलीला तोंड तर दावता येतंय."

ते परत कामावर आलेच नाहीत. राजीनामा पोस्टानं आला. दिवाळीच्या आसपास पाटणहून कुणीतरी कळवलं, हवालदार गेले. झोपेतच.

गेल्या आठवड्यात गुरुजींच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "सर, बाकीच्यांचं तुटक तुटक हाय. आई रोज तुमचीच दोन पानं वाचून घेती. म्हणती, ह्ये बोलणं त्येंचंच. हवालदारकाका बी सांगून गेले, की मन लावून ऐकणारं माणूस त्या दिवशी एकच हुतं." मग तिनं विचारलं, "सर, आणखी काय आठवतंय का हो?"

मी म्हणालो, "लिहून पाठवतो."