हेडलाइटला पापडाची जाळी

माझ्या मोटारसायकलच्या हेडलाइटची काच पहिल्यांदा फुटली तेव्हा मी रे रोडला होतो आणि पुढे डेब्रिजचा डंपर चालला होता. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, वर ताडपत्री नाही, मागचा फाळका धड लागलेला नाही. प्रत्येक खड्ड्याला दगडविटा रस्त्यावर. एक तुकडा आपटून उसळला आणि थेट माझ्या काचेत बसला. सिग्नलला गाठून मी त्या डंपरवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर जो भेटेल तो मलाच शहाणपण शिकवायला लागला. मेकॅनिक म्हणाला, जाळी लावा. ऑफिसातले म्हणाले, अंतर ठेवून चालवा. शेजारी म्हणाले, काचेवर जाड प्लास्टिक चिकटवा. म्हणजे काच फुटली माझी आणि काळजी घ्यायची तीही मीच! रस्ताभर दगड सांडत जाणाऱ्याला मात्र एका शब्दाने कुणी विचारणार नाही. माझी धुसफूस ऐकून बायको इतकी कंटाळली, की तिने पापड भाजायची जुनी जाळी आणून माझ्यासमोर आपटली. "ही बांधा आणि डोकं शांत करा." मी खरंच ती तारेने हेडलाइटवर बांधली. मुलगी हसून म्हणाली, "बाबा, जाता जाता बोंबील पण भाजून घेऊ या."

मुलगी शिवडीला एका लॅबमध्ये कामाला आहे. सकाळची शिफ्ट असली की मोटारसायकल ती नेते. तिला चालवायला शिकवलं माझ्या धाकट्या भावाने. पहिलं हेल्मेटही त्यानेच आणून दिलं होतं. दर रविवारी मटण खायला तो आमच्याकडे यायचा आणि पहिली चक्कर या दोघांची व्हायची.

एका सकाळी ती अर्ध्या वाटेवरून परत आली. डंपरमागे होती, म्हणाली. जाळी आत दबली होती, काच पुन्हा फुटली होती आणि दबलेल्या जाळीत लादीचा एक तुकडा अडकला होता. हिरवी लादी, कडेला लाल पट्टी.

"व्हायझर खाली होता ना?"

"वर होता. ओरखडे पडलेत, दिसत नाही नीट."

तो तुकडा हातभर वर आला असता तर काय, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

लादी मी ओळखली. लालबागला आमच्या चाळीत खोल्याखोल्यांतून हीच होती. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली होती, पाडकाम चालू होतं, आणि आम्ही तेवढ्यापुरते परळला भाड्याने राहत होतो. राडारोडा वाहायचं काम बिल्डरने तिथल्याच पोरांना दिलं होतं, आमच्याकडे असंच देतात. त्या पोरांचा म्होरक्या माझा भाऊ.

मी फोनवर काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी तो आला, हसत, हातात खोकं घेऊन.

"दादा, टेन्शन नको घेऊ. स्टीलचा गार्ड आणलाय, एकदम पॅक. आता वीट आली तरी काचेला काय होत नाय."

"ताडपत्री का बांधत नाहीस?"

"अरे, बांधत-सोडत बसलो तर खेपा कधी मारणार? सगळेच असे नेतात."

सगळेच! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी मुलीला हाताला धरून त्याच्यासमोर उभं केलं.

"गार्ड चांगला आहे," मी म्हणालो. "आता हिच्या डोळ्यांच्या मापाचा घेऊन ये."

"तू पण ना, कायपण बोलतोस," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता तो जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाळीच्या गेटवर गेलो आणि फुटक्या काचेची मोटारसायकल आडवी लावली. आतून डंपर आला. भरलेला, वर उघडा. भाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता. हॉर्नवर हॉर्न. त्याची पोरं जमा झाली.

"दादा, बाईक काढ. पोरांसमोर माझी इज्जत नको काढू."

"घाल अंगावर," मी म्हणालो. "काल पुतणीच्या अंगावर घातलास, आज माझ्या घाल."

शेवटी तो उतरला. स्वतः वर चढला, ताडपत्री ओढली आणि मला शिव्या घालत गाठी मारल्या. मी प्रत्येक गाठ ओढून पाहिली आणि मगच मोटारसायकल बाजूला घेतली.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही. नातेवाईक म्हणतात, एवढ्याशा काचेवरून सख्खा भाऊ तोडलास. काचेवरून म्हणे! मी अजून रोज कामावर जाताना त्या गेटवरून जातो आणि गाठी तपासतो. पोरं तोंड फिरवतात, पण डंपर बांधलेला असतो. त्याचा गार्ड खोक्यातच कपाटावर पडून आहे.

रविवारी मटण शिजायला लागलं की मुलगी खिडकीत जाऊन उभी राहते, काका आला का बघायला. मी तिला आत बोलावत नाही. बघू दे. तिला बघता येतंय.